पगाराऐवजी हुद्दा

एका तालुक्याच्या गावी एक रेडिओ केंद्र होते. केंद्र म्हणजे डाळमिलच्या माडीवरच्या दोन खोल्या आणि गच्चीवर एक मनोरा. पण सकाळी सहाला तिथून जो आवाज निघे, त्यावर गाव चाले. नळाला पाणी कधी येणार, कोणत्या आळीत वीज जाणार, कांद्याला काय भाव फुटला, कोण वारले आणि अंत्ययात्रा कुठून निघणार, हे सारे शालन वाघचौरे सांगायची. तिला कळवल्याशिवाय गावात कोणी रीतसर मरतही नसे.

शालनला हे काम मनापासून आवडे. हा तिचा पहिला गुन्हा. ते तिने बोलून दाखवले, हा दुसरा.

मालक शिवदासराव पाटणे. डाळमिल त्यांची, गावातली दोन मंगल कार्यालये त्यांची, आणि रेडिओही त्यांचाच. पगार वाढवला की माणूस बिघडतो आणि हुद्दा वाढवला की सुधारतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. शालनने पहिल्यांदा पगारवाढ मागितली, तेव्हा ती ज्येष्ठ निवेदिका झाली. दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा कार्यक्रमप्रमुख. तिच्या हाताखाली कोणी नव्हते, म्हणून ती स्वतःचीच प्रमुख होती. तिसऱ्यांदा ती थेट उपाध्यक्ष, प्रभात विभाग झाली. एवढी लांब पाटी जुन्या दारावर मावेना. मग दार नवे करावे लागले. दाराला खर्च झाला, म्हणून त्या दिवाळीला बोनस नव्हता. त्याऐवजी एका दंतवैद्याने जाहिरातीच्या पैशांच्या बदल्यात दिलेली कुपने सर्वांना वाटण्यात आली. दात अर्ध्या दरात उपटून मिळणार होते. खायला काही नसले की दात तरी कशाला हवेत, असा विचार त्यामागे असावा.

पाटी घरमालकाने वाचली आणि खोलीचे भाडे वाढवले. "एवढ्या मोठ्या बाई तुम्ही, तुम्हाला काय जड आहे," तो म्हणाला. किराणेवाल्याने उधारी बंद केली. उपाध्यक्षांना उधार देणे त्याला बरे दिसेना. आता पगार वाढला नाही, तर खोली सोडून म्हाताऱ्या आईसह भावाच्या खेड्यावर जाणे आले. तिथे रेडिओ ऐकू येत असे, पण बोलता येत नसे.

याच सुमारास मालकांनी शहरातून एक सल्लागार बोलावला. तो दोन दिवस राहिला, चार ठिकाणी चहा प्याला आणि केंद्रातल्या सर्वांच्या वर्षभराच्या पगाराइतके पैसे घेऊन गेला. जाण्याआधी त्याने शालनला विचारले, "बाई, जास्त पैसे मिळाले तर दुसरीकडे जाल का?"

शालन खरे बोलली. "हे काम सोडून मला करमायचं नाही."

सल्लागाराने मालकांना सांगितले की गाव हे केंद्र ऐकते ते केवळ सकाळच्या आवाजासाठी. ही बातमी शालनपर्यंत आली आणि तिला हायसे वाटले. आता मागण्याचीही गरज नाही असे समजून ती मालकांकडे गेली.

"शालनताई, तुम्ही तर घरच्या," शिवदासराव म्हणाले. "आपलं हे एक कुटुंब आहे. कुटुंबात कुणी पगार मागतं का?"

"तुमचे धाकटे भाऊ दर महिन्याला इथून चेक नेतात, मालक."

"तो पगार नाही. भावाचा मान आहे तो."

"मग माझाही थोडा मान करा. भाडं वाढलंय."

शिवदासराव मायेने हसले. "वाढ द्यायची ती जाणाऱ्या माणसाला. तुम्ही कुठे जाणार? तुम्हाला इथून गेलं तर करमतच नाही म्हणे."

शालन दाराकडे वळली. इतकी वर्षे जीव ओतून केलेल्या कामाचा त्यांनी हा हिशेब मांडला होता. जीव तिचा आणि बचत त्यांची.

तिने महिना पुरा केला आणि ती गेली. बाजार समितीला भोंग्यावर बोलायला कोणी हवे होते. कोणत्या गाळ्यावर लिलाव, कोणाची गाडी आली, कशाला काय भाव, हे सांगायचे. समितीच्या सचिवांनी तिला पाटीचे विचारले नाही. ते म्हणाले, "पगार किती घ्याल?" हा प्रश्न तिला आयुष्यात कोणी विचारलेला नव्हता. तिने भाडे आणि किराणा धरून आकडा सांगितला.

इकडे रेडिओवर मानाचे धाकटे बंधू बसले. ते उशिरा उठत, त्यामुळे पाणी येऊन गेल्यावर पाण्याची वेळ कळे. एकदा त्यांनी वारलेल्या माणसाऐवजी मृत्यूचा निरोप घेऊन आलेल्याच्याच अंत्ययात्रेची वेळ जाहीर केली. तो बिचारा, यशवंत गुरव, आपण जिवंत आहोत हे दाखवत दिवसभर गावभर हिंडला. गावाने रेडिओ बंद केले. बायका पाण्याची वेळ विचारायला बाजारात येऊ लागल्या, तेव्हा सचिवांना विचारून शालन भोंग्यावरून तीही सांगू लागली. मग दुकानदारांनी आपल्या जाहिराती समितीकडे नेल्या.

शेवटी एका सकाळी शिवदासराव आपल्या पिवळ्या मोटारीतून घाईने बाजारात आले. मोटार फाटकात आडवी सोडून ते थेट शालनसमोर उभे राहिले.

"शालनताई, झालं गेलं विसरा. परत या. तुम्हाला अध्यक्ष करतो."

"पगार?"

"बरं, अध्यक्ष नको. केंद्राच्या मालकच व्हा तुम्ही. पाटीवर माझ्या शेजारी तुमचं नाव लावतो."

"आणि पगार?"

शिवदासराव मनापासून दुखावले. "मालकाला कुठे पगार असतो, ताई?"

शालनने भोंग्याचा माइक जवळ ओढला. "पिवळ्या मोटारीच्या मालकांना विनंती. आपली गाडी फाटकात आडवी उभी आहे. मागे कांद्याचे टेम्पो खोळंबले आहेत. गाडी तेवढी काढून घ्यावी."

आवाज तोच होता, पाण्याची वेळ सांगणारा, गोड आणि स्वच्छ. सारा बाजार फाटकाकडे पाहू लागला. शिवदासराव किल्ली शोधत निघाले.

तात्पर्य: माणसाला काम आवडते म्हणून त्याची पगारवाढ दाबणारा मालक चोर असतो, मग तो त्या चोरीला कुटुंब म्हणो की मान. आणि हे हसतमुखाने सोसणारा माणूस त्या चोरासाठी दार उघडे ठेवतो.