उघड्या मानेचं पिल्लू

कोंबड्यांना आपापल्या घराण्याचा फार तोरा होता, त्या काळची ही गोष्ट. चितरी कोंबडीचं एक पिल्लू अंड्यातून निघालं, तर त्याच्या मानेवर लवेचा मागमूस नाही!

तिचा नवरा तुरेराव कोंबडा कडाडला, "आमच्या सात पिढ्यांत असली मान कुणाची नव्हती. हे तुझ्या माहेरचं!"

"अहो, माझ्या माहेरीही नव्हती," चितरी म्हणाली. "होतं कधीकधी असं, नव्यानंच."

"नव्यानं काही होत नसतं," म्हणून तुरेरावाने पिल्लाला पाहुण्यांसमोर यायला बंदी केली.

पुढे वैशाखात उन्हाने कहर केला. सगळ्या कोंबड्या चोच वासून धापा टाकत पडल्या आणि ते पिल्लू मात्र उघड्या मानेला वारा घेत अंगणभर खुशाल किडे टिपत हिंडत होतं. शेजारणी कौतुक करू लागल्या, तसा तुरेराव छाती फुगवून म्हणाला, "माझ्यावर गेलंय!" कुणाला शंका नको म्हणून त्याने बाभळीच्या कुंपणाला मान घासून घासून, विव्हळत, सगळी पिसं काढून टाकली.

चितरीने पुन्हा अंडी उबवली. या खेपेची सगळी पिल्लं मानेवर भरगच्च लव घेऊन निघाली.

तुरेरावाने आपली सोललेली मान ताठ केली. "बघ," तो म्हणाला, "पुन्हा तुझ्या माहेरच्यांवर गेली!"