पुस्तकांचं रुखवत

राजे स्वतः शिकारीला जात आणि तपासणीला प्रधानांना पाठवत, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक ग्रंथपाल होते. गाव त्यांना अण्णा म्हणे.

गावाच्या मधोमध राजाच्या पणजोबांनी बांधून दिलेलं ग्रंथालय होतं. एक लांबट खोली, भिंतीला टेकलेली सागवानी कपाटं आणि दारापाशी एक बाक. कपाटांची दारं कायम उघडी आणि कपाटं बहुतेक वेळा रिकामी. कारण त्या गावाची रीतच तशी होती. शेजारणीकडून विरजण आणावं तसं तिथे पुस्तक आणत. अण्णा ते एका घरी देत. तिथलं वाचून झालं की ते परसदारातून शेजारी जाई, शेजारून समोर, समोरून कोपऱ्यावर, आणि सगळी आळी फिरून कधीतरी ग्रंथालयात परत येई. वहीत नोंद फक्त पहिल्या घराची. पुढचा प्रवास पुस्तकाचा खासगी.

परत येताना पुस्तक एकटं येत नसे. पानांवर हळदीची बोटं, कडेला दिव्याचं तेल, खुणेला ठेवलेलं कांद्याचं साल. लोणच्यांच्या पुस्तकातून तर एकदा अख्खा पापड निघाला होता, आणि तो अजून कुरकुरीत होता.

अण्णांना या सगळ्याची फार लाज वाटे. माणूस मुळात नीटनेटका. उपरणं धुतलं तरी जुन्या घड्यांवरच पुन्हा घडी घालणारा. "अहो, हे पुस्तक आहे की पोळपाट?" असं ते येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, आणि विचारता विचारता दुसरं पुस्तक हातात देत. लाजेच्या जोडीला थोडी भीतीही होती. राजाच्या नियमावलीत एक कलम होतं: 'पुस्तक खराब झाल्यास ग्रंथपाल जबाबदार.' कलम आजवर कोणी वापरलं नव्हतं, पण न वापरलेल्या कलमाचीच माणसाला जास्त धास्ती असते.

अशात एके दिवशी दवंडी पिटली गेली. राजेसाहेबांनी नवे घोडे घेतले होते. घोडे आले, आता त्यांच्या चंदीला, म्हणजे खाण्याच्या हरभऱ्याला, जागा हवी होती. घोडे घेण्याआधी हा विचार करायला कोणाला सवड झाली नव्हती. तेव्हा राज्यातल्या ज्या सरकारी इमारती नुसत्याच पडून आहेत, त्यांची कोठारं करायची असं ठरलं. कोणती इमारत पडून आहे आणि कोणती नाही, हे पाहायला प्रधानजी गावोगाव फिरणार होते.

रिकामी कपाटं आणि डागाळलेली पुस्तकं! एवढं पाहिल्यावर प्रधानजी ग्रंथालय कसं ठेवतील? मग अण्णांनी त्यांच्या स्वभावाला शोभेल असा उपाय काढला. घरोघर फिरून ते सगळी पुस्तकं परत आणू लागले.

कुंभाराच्या घरी म्हातारी आजी ओसरीवर बसून शेंगा फोडत होती आणि तिची सून नव्यानेच आलेलं पुस्तक वाचून दाखवत होती. आजीला डोळ्यांनी दिसत नसे. एरवी या दोघींचं आमटीतल्या मिठापासून अंगणातल्या सड्यापर्यंत कशावरच एकमत नव्हतं. पण दुपारी पुस्तक उघडलं की भांडण तहकूब होई, आणि बहुतेक वेळा नंतर ते कुठे थांबलं होतं हेच दोघींना आठवत नसे.

"पुस्तक द्या. तपासणी आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आत्ता नको हो!" सून कळवळली. "दाराशी आलोय आम्ही. आतून कडी वाजतेय."

"कोणाच्या दाराशी?"

"गोष्टीतल्या! ती सावकाराची पोर घागर काढायला विहिरीत उतरली ना, तर तिथे खाली एक दार आहे."

"दार पळून जात नाही," असं म्हणून अण्णांनी पुस्तक उचललं.

"मेल्या, तुझी आंघोळ चालू असताना कोणी बंब उचलून नेला तर कसं वाटेल तुला?" आजी ओरडली. पण अण्णा तोवर पुढच्या घरी पोचले होते.

घरी त्यांनी पुस्तकांचा ढीग घातला. डाग झाकायला प्रत्येक पुस्तकाला लाल मांजरपाटाचं नवंकोरं वेष्टण शिवलं. अण्णांची बायको सुईत दोरा ओवून देत होती, पण तिचं तोंड काही कोणी शिवलेलं नव्हतं.

"अहो, पाहुणे येणार म्हणून पोरांना कोणी पेटीत घालून ठेवतं का?"

"तुला तपासणीतलं कळत नाही."

"नाही कळत. पेटीतलं मात्र कळतं. पेटीत गेलेलं लुगडं कधी अंगाला लागत नाही."

अण्णांनी शेवटचा दोरा तोडला. त्यांनी पुस्तकं कपाटात उंचीनुसार लावली, दारं पुसली, नवी कुलपं घातली आणि बाहेर 'शांतता राखा' अशी पाटी टांगली. शांतता राखायला आता तिथे कोणीच नव्हतं.

प्रधानजी आले. काटकुळे, करड्या मिशांचे आणि कमी बोलणारे. त्यांनी कपाटं न्याहाळली, कुलपं हलवून पाहिली, बाकावरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली नाही.

"छान! अगदी रुखवतासारखं मांडलंय," ते म्हणाले.

अण्णांचा चेहरा फुलला.

"रुखवत मांडायचं असतं, खायचं नसतं," प्रधानजी पुढे म्हणाले. "पुस्तकं सगळीच्या सगळी जागेवर आणि माणूस एकही नाही. म्हणजे गावाला याचा उपयोग नाही. उद्या सकाळी चंदीच्या गाड्या येतील."

"नाही हो, प्रधानजी! गाव वाचतं! सगळी पुस्तकं घरोघर असतात एरवी!"

"मग आज इथे कशी?"

"तपासणीसाठी परत आणली."

"म्हणजे मी जे पाहायला आलो, तेच तुम्ही मी यायच्या आत आवरून ठेवलंत?"

अण्णा नव्या कुलपांकडे पाहू लागले.

"मी डोळ्यांनी दिसतं ते लिहितो. ऐकीव लिहीत नाही," प्रधानजी म्हणाले. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. टापटीप उत्तम आहे तुमची. कोठारावर असाच माणूस हवा. तुम्हालाच कोठावळे नेमतो. बसायला गादी, टेकायला लोड, डोक्याला पगडी. आणि हरभरा काही घरोघर फिरत नाही."

त्या दिवशी अण्णांनी जेवणाच्या पानाला हात लावला नाही. बायकोने "मी म्हटलं नव्हतं?" असं एकदाही म्हटलं नाही, यावरून गोष्ट किती गंभीर होती ते समजावं.

सकाळी पोत्यांनी भरलेल्या गाड्या ग्रंथालयापुढे येऊन उभ्या राहिल्या. प्रधानजींनी किल्ल्या मागायला हात पुढे केला. अण्णांनी कनवटीच्या किल्ल्या काढल्या, तेवढ्यात आळीच्या तोंडाशी गलका झाला. कुंभाराची सून आजीचा हात धरून येत होती आणि त्यांच्यामागे निम्मं गाव होतं.

"अण्णा, झाली ना तुमची तपासणी?" सून लांबूनच म्हणाली. "आता द्या पुस्तक. पुस्तक गेल्यापासून घरात आमचं घटकाभर पटलेलं नाही. काल तर ह्या आत्याबाईंनी जेवायचं ताट उचललं आणि गोठ्यात जाऊन बसल्या."

"खारट आमटी केल्यावर कोण घरात बसेल?" आजी म्हणाली.

"पाहिलंत? दिवसभर हे असं!"

त्यांच्यामागे दोन सख्खे भाऊ उभे होते. बांधावरून त्यांच्यात अबोला होता, पण विहिरी कशा खणाव्यात ते सांगणारं पुस्तक मात्र दोघांत फिरे. एकाने वाचलेल्या पानात कडुनिंबाचं पान ठेवायचं, म्हणजे दुसऱ्याला कळे कुठून पुढे वाचायचं. तेवढंच काय ते त्यांचं बोलणं. आता तेही बंद पडलं होतं.

"इथे आता चंदी राहणार आहे," प्रधानजी म्हणाले.

आजीने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"कोण आहे हा?"

"प्रधानजी आहेत, आत्याबाई," सून कुजबुजली.

"असू दे. बाबा, जरा बाजूला हो. तू उभा आहेस तिथून वारा अडतोय."

अण्णांच्या हातात किल्ल्या होत्या. त्या प्रधानजींच्या हातावर ठेवल्या की गादी, लोड आणि पगडी. कपाटं उघडून वेष्टणं काढली, तर वर्षानुवर्षांचे डाग उघड्यावर येणार आणि नियमावलीतलं ते कलम पहिल्यांदा वापरलं जाणार, तेही त्यांच्यावरच. ग्रंथालय वाचेल याचीही खात्री नव्हती. अण्णांनी सुनेकडे पाहिलं, भावांकडे पाहिलं. मग ते कपाटाकडे वळले आणि त्यांनी कुलूप काढलं.

पहिल्या पुस्तकाचं वेष्टण त्यांनी टाका टाका उसवायला घेतलं. नीटनेटका माणूस. पण टाके बारीक होते, निघेनात. शेवटी त्यांनी ते दातांनी टरकावलं.

"प्रधानजी, तुम्ही दिसतं ते लिहिता ना? मग हे पाहा," ते म्हणाले. "ही पुस्तकं खराब झालेली आहेत. मला ठाऊक होतं. मी झाकली होती."

प्रधानजींनी पुस्तक हातात घेतलं. ते विहिरीत उतरलेल्या मुलीचंच पुस्तक होतं. पहिल्या पानावर हळद, दुसऱ्यावर हळद, पुढे तेलाचा थेंब, शेंगेचं टरफल, पुन्हा हळद. प्रधानजी एकेक पान उलटत गेले आणि मध्येच थांबले.

"इथून पुढची पानं स्वच्छ आहेत. हळद इथे संपते."

"कडी वाजते तिथे ना?" आजीने विचारलं.

प्रधानजींनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. कडीच वाजत होती.

"तिथेच तर नेलं या अण्णाने!"

प्रधानजींनी आणखी एक पुस्तक मागितलं. अण्णांनी विहिरी खणण्याचं पुस्तक वेष्टण उसवून दिलं. त्याच्या कडांवर मातीचे अंगठे उमटले होते, आणि एका पानात कडुनिंबाचं पान होतं, अजून पुरतं न सुकलेलं.

"हे कोणाचं?"

"माझं," थोरला म्हणाला. "धाकट्यासाठी ठेवलेलं."

"मला मिळालंच नाही," धाकटा म्हणाला, आणि आपण भावाशी बोललो हे लक्षात येऊन खाली पाहू लागला.

मग कोणी सांगितलं नसताना कुंभाराच्या सुनेने पुस्तक उचललं, पायरीवर बसली आणि कडी वाजली तिथून वाचू लागली. आजी शेजारी बसली. लोक जागा मिळेल तिथे टेकले. गाडीवान जुवावर हात ठेवून ऐकू लागले. प्रधानजी बराच वेळ उभेच होते. मग बाकाच्या टोकाला बसले. दार किलकिलं झालं, आतून एक हात बाहेर आला, हातात घागर होती...

"मला पाण्याला जायचंय. उरलेलं दुपारी," असं म्हणून सुनेने पुस्तक मिटलं.

"दुपारी?" प्रधानजी उठूनच उभे राहिले. "हात कोणाचा होता?"

"ते दुपारी कळेल."

प्रधानजी अण्णांकडे वळले. "हे पुस्तक मला आज हवं."

राजाच्या प्रधानाला असं काही सांगायची वेळ अण्णांवर कधी आली नव्हती. "यांचं झाल्यावर ते शेजारी जाईल, मग समोर. तुम्हाला त्याच्यानंतर."

प्रधानजींनी मिशीवरून हात फिरवला.

"धर्मशाळेत जागा आहे ना?" त्यांनी विचारलं.

तेव्हा कुठे अण्णांचा जीव भांड्यात पडला. चंदीच्या गाड्या परत फिरल्या. वाटेत बैलांनी एक पोतं फोडलं असं म्हणतात, म्हणजे त्या तपासणीत बैलांचाही फायदा झाला. दिवस मावळायच्या आत ग्रंथालयाची कपाटं पुन्हा रिकामी झाली होती, आणि कुंभाराच्या घरी आमटी कशी झाली होती याची त्या दिवशी कोणी चौकशी केली नाही.

पुस्तक आपल्यापर्यंत येऊन वाचून होईपर्यंत प्रधानजी गावात राहिले. निघताना त्यांनी नियमावली उघडली. "कलमाप्रमाणे लिहावं लागेल. या डागांना जबाबदार कोण?"

"मी," अण्णा मान खाली घालून म्हणाले.

प्रधानजींनी लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे धरला: 'इमारत वापरात आहे. पुस्तके जागेवर आढळली नाहीत. आढळली ती सर्व डागाळलेली. या सर्वास ग्रंथपाल जबाबदार असून त्यांना याच जागी कायम ठेवावे.'

प्रधानजींनी परत केलेल्या पुस्तकात शेवटच्या पानावर दुधाच्या पेल्याचा एक गोल डाग होता. अण्णांनी तो पाहिला, पण 'पोळपाट' हा शब्द मोठ्या कष्टाने गिळला. नवी कुलपं त्यांनी बायकोला देऊन टाकली. तिने ती लोणच्याच्या फडताळाला लावली, जिथे कुलपाची खरोखरच गरज होती.

तात्पर्य, ऐकणाऱ्याने पदरात घ्यायचं ते एवढंच: गावाचं ग्रंथालय कसं चाललं आहे हे पाहायचं असेल, तर त्याची कपाटं उघडून पाहू नयेत, गावातल्या घरांची दारं वाजवावीत.