खिंडीतला कोरा दगड

अहो, त्या दगडात पाय बुडवू नका! शेरडं पितात ते पाणी, चालतं. माणसानं पाय घालायचा नाही. हातभर खोल आहे ना? ती द्रोणी पावसानं झिजून झालेली नाही. ती हणमा पाथरवटानं कोरली, असं सांगतात.

वरचा हा माळ. कशात काय अन् फाटक्यात पाय, नुसतं कुसळी गवत. तरी दोन दरबार त्याच्यासाठी भांडत होते म्हणे. एकानं कायदा केला, माळाला 'प्रतापमाळ'च म्हणायचं. दुसऱ्यानं केला, 'विजयमाळ'. दुसरं नाव जो घेईल तो शत्रूची रयत; त्याला खिंड बंद. माळावरची माणसं आपली 'माळ' म्हणत आली होती. पण राजा बोले अन् दळ हाले!

खिंड ज्याच्या हाती, त्याची चौकी, आणि त्याचंच नाव या दगडावर. कोरायला खिंडीखालच्या गावातला हणमा. सहा वर्षांत सात वेळा त्यानं जुनं नाव खरवडून नवं घातलं. पोट होतं, करतो काय बिचारा?

त्याची एकुलती एक लेक तानू माळावर दिली होती. दिवाळीला आली तेव्हा दगडावर प्रतापमाळ होतं. पोटुशी होती. निघताना हणमानं तिला पढवलं, "बाळंतपणाला येशील तेव्हा चौकीवर विचारतील, कुठून आलीस. प्रतापमाळ म्हण. बाकी काही बोलू नकोस, बाई."

सासू आजारी पडली, तानूला निघायला उशीर झाला, नववा लागला. इकडे खिंड पालटली. हणमानं विजयमाळ कोरलं. कोरताना लेकीची आठवण झाली होती त्याला. निरोप धाडायला हवा, असं मनात आलं. पण तिला यायला अजून चार दिवस आहेत, असं म्हणून त्यानं ते उद्यावर टाकलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तानू खिंडीत आली. बापानं शिकवलेलं बोलली. शिपायानं काठी आडवी धरली. ती उन्हात या दगडाला टेकून बसली. तिथंच कळा सुरू झाल्या. सोबतच्या दिरानं हातापाया पडून विनवलं. शिपाई म्हणाला, "हुकूम आहे." हणमाला कळून तो चढून येईपर्यंत मायलेकरू दोन्ही गेली होती.

हणमा रडला नाही म्हणे. माती दिली, घरी आला, पुढ्यात आलेली भाकरी खाल्ली. सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन खिंडीत आला आणि नाव खरवडायला बसला. शिपायांना वाटलं, दरबाराचा नवा हुकूम असेल. नाव गेलं तरी छिन्नी थांबेना. आठवडाभरानं हवालदारानं विचारलं, "काय कोरतोयस रे?"

"काही नाही," हणमा म्हणाला, आणि कोरत राहिला.

पुढे खिंड दोनदा पालटली. नाव घालायला दगडावर जागाच उरली नव्हती; नावाच्या जागी ही द्रोणी झाली होती. एवढ्या काळात हणमाला काही वाटलं असेल नसेल, कुणाला कळलं नाही.

दरबार गेले, सरकारं आली. आजही खिंडीच्या दोन बाजूंना दोन पाट्या आहेत, दोन नावांच्या, दोन्ही कायद्यानं मंजूर. आणि आजही माळावर दिलेली पोटुशी लेक खाली उतरली, की कुठून आलीस हे तिला कुणी विचारत नाही. एसटीचा कंडक्टरसुद्धा तिच्या सोबतच्या माणसाला विचारून तिकीट फाडतो. माहेरच्या दारात तेवढं म्हणतात, "आलीस ना? ये, बस."