मुठीचं माप

"आबा, यातला माझ्या हाताला नेमका बसेल असा कोणता?"

रवळूआबांनी समोरची पत्र्याची पेटी पायाने थोडी पुढे सरकवली, एवढंच.

पेटीत सात-आठ चाकू होते. आंब्याची कलमं बांधायचे, पातं मुठीत मिटवून कमरेला खोचायचे, जुन्या घडणीचे. शिसवाच्या मुठी, म्हशीच्या शिंगाच्या मुठी, एक बाभळीची. बहुतेकांचे मालक केव्हाच गेलेले.

जयवंतला चाकू हवा होता, आणि तो आत्ताच हवा होता. कारण असं.

वेशीवरचा आंबा तीन दिवसांपूर्वी वीज पडून आडवा झाला. तसल्या चवीचा आंबा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी एक माणूस त्याच्यावरून पडून गेला आणि तेव्हापासून त्या झाडावर कुणी चढलं नाही. मग कलम कुठून बांधणार? आता झाडच खाली आलं होतं. सगळं करपलेलं, फक्त एका फांदीचं टोक हिरवं. त्या टोकाच्या तीन काड्या जयवंतने सकाळी कापल्या आणि तिसरी कापताना त्याच्या बाजारच्या चाकूची खीळ तुटली.

तीन काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या होत्या. बांधायला तीन रोपं तयार होती. संध्याकाळपर्यंत काड्या सुकणार. त्या सुकल्या की तो आंबा जगातून गेला.

आबांनी स्वतः कलमं बांधली असती, पण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरत होते.

आणि जयवंत म्हणजे काय विचारता! सहा वर्षं आबांकडे शिकला, शंभरांतली नव्वद कलमं जगवायचा पठ्ठ्या. हात खरंच चांगला, नाही कशाला म्हणा. पण त्या हाताचं कौतुक त्याच्याच तोंडून जरा जास्त ऐकू यायचं. पारावर चार लोकांत सांगून बसला होता, "झाड गेलं तरी आंबा जाऊ देत नाही. माझ्या नावाने लावाल तुम्ही तो."

आता नाव राहायचं की हसं व्हायचं, ते या पेटीवर होतं.

"सांगा ना, आबा. वेळ जातोय."

"हात तुझा. मी काय सांगू?"

"बरं. मग मीच बघतो. डोळे मिटूनसुद्धा ओळखेन."

"मिट मग," आबा म्हणाले.

भर बाराची वेळ होती. अंगणात कोंबड्या होत्या, पण एकीचाही आवाज नव्हता.

जयवंतने डोळे मिटले आणि पेटीत हात घातला. पहिली मूठ अगदीच बारीक. बोटं तळव्यात रुतली. ठेवली. दुसरी एवढी लांब की निम्मी बाहेर. ती ठेवली. तिसरी जाड, चौकोनी, करंगळीच्या मुळाशी टोचली.

"ही कसली मूठ, हा तर जात्याचा खुंटा आहे," तो पुटपुटला आणि तीही ठेवली.

चौथी...

चौथी हातात आली आणि तो बोलायचा थांबला. अंगठ्याखाली अंगठ्याएवढीच खळगी. मधल्या बोटाला टेकायला जागा. जड नाही, हलकी नाही. हातात काही आहे असंच वाटेना. आणि मूठ थोडी कोमट होती, कुणी आत्ताच खाली ठेवल्यासारखी.

"हाच!" त्याने डोळे उघडले. "आबा, माझ्यासाठीच घडवलाय जणू!"



जयवंतने पातं उघडलं. गोणपाटातून पहिली काडी काढली, आणि एक काप, उलटवून दुसरा काप. पाचर तयार. रोपाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, पाचर आत बसवली. सालीला साल अशी जुळली की सांधा दिसेना. प्लास्टिकची पट्टी गुंडाळली, गाठ मारली. श्वास घ्यायला थांबावं लागलं नाही.

असा काप त्याने जन्मात मारला नव्हता. छाती फुगली गड्याची.

"बघा, आबा! तुम्हीसुद्धा... म्हणजे तुमच्या उमेदीत तुम्हीसुद्धा असा मारला नसेल!"

आबांनी कलमाकडे पाहिलंच नाही.

"कुठल्या हाताने मारलास?"

"म्हणजे?"

"काप. कुठल्या हाताने मारलास?"

काय खुळा प्रश्न, असं म्हणत जयवंतने खाली पाहिलं.

चाकू डाव्या हातात होता.

डाव्या हाताने त्याने कधी शर्टाचं बटण लावलं नव्हतं. डाव्या हाताने त्याला घास घेता आला नसता. पेटीत घातला होता तो उजवा. मग चाकू इकडे कधी आला?

"पातं बघ," आबा म्हणाले.

कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने काढतात. उजव्या हाताचा चाकू वेगळा, डाव्याचा वेगळा. पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट. जयवंतने मुठीचं माप घेतलं, पण पातं बघायला विसरला. ही धार डाव्या हाताची होती.

"कुणाचा... कुणाचा हा?"

"गुणाजीचा. तुझ्या आधी माझ्याकडे होता. डावरा होता. हात असा, की मी त्याला शिकवलं की त्याने मला, सांगता यायचं नाही." आबांनी वेशीकडे पाहिलं. "त्याच आंब्याच्या काड्या काढायला चढला होता. भर दुपारी. मीच पाठवला होता."

जयवंतने चाकू झटकन खाली टाकला.

म्हणजे टाकायला गेला. बोटं उघडेनात.

त्याने उजव्या हाताने डाव्याची बोटं उचकटायचा प्रयत्न केला. दुखत नव्हतं, हेच भयंकर होतं. बोटं आरामात होती. आणि हळूहळू तो हात, जयवंतचाच हात, गोणपाटाकडे निघाला, दुसरी काडी घ्यायला.

"आबा!" आता मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आबा, आवरा याला!"

आबा उठले. येऊन त्याच्या शेजारी बसले. थरथरत्या दोन्ही तळव्यांत तो डावा हात धरला आणि बोलले, पण जयवंतशी नाही. हाताकडे बघून बोलले.

"छान झालंय, बाळा. काप छान झालाय. आता सोड त्याला."

काहीच झालं नाही...

"मी नको होतं पाठवायला. सोड रे."

मग अंगठा सुटला. मग एक बोट, मग दुसरं. करंगळी सगळ्यात शेवटी. चाकू जमिनीवर पडला आणि अंगणात एक कोंबडी कुर्रर्र करून ओरडली.

आबांनी डोळे पुसले. लपवून नाही, सरळ उपरण्याने पुसले.

उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. मग आबाच म्हणाले,

"काड्या सुकतायत. दोन उरल्यात."

जयवंतने त्या चाकूकडे पाहिलं. नंतर बांधलेल्या कलमाकडे पाहिलं. खोटं कशाला बोला, मोह झाला त्याला. त्या चाकूने उरलेल्या दोन्ही काड्या बिनचूक बसल्या असत्या. आंबा वाचला असता, नाव झालं असतं, आणि कुठल्या हाताने बांधलं ते विचारायला पारावरचं कोण येणार होतं?

"आबा, तो चाकू... पुन्हा घेतला तर?"

"घे की. मी कुठे नको म्हणतोय?"

जयवंत पुढे वाकला. पाहतो तर डावा हात त्याच्या आधीच पोचत आलेला.

त्याने तो हात ओढून मांडीखाली दाबून धरला. उजव्या हाताने पेटीतली ती बाभळीची जाड चौकोनी मूठ उचलली. तिच्यावर कुणाच्या अंगठ्याची खूण नव्हती. पातं पाहिलं. उजव्या हाताचं होतं.

पहिल्याच कापाला मूठ करंगळीच्या मुळाशी टोचली, हात हलला आणि काडी तिरकी चिरली. सुधारायला गेला तर मधोमध तुटली. गेली.

एक उरली.

जयवंतच्या कपाळावरून घाम ओघळत होता. या खेपेला त्याने घाई केली नाही. केसाएवढं कापायचा, थांबायचा, बघायचा. मूठ टोचत होती, तो दात आवळून धरत होता. तळव्याला फोड आला, फुटला. पाचर झाली, पण ओबडधोबड. सांधा एका बाजूने जुळला, दुसऱ्या बाजूने फट राहिली. कशीबशी पट्टी बांधली.

"कसं झालंय, आबा?"

"बघू."

शेखी मिरवायला त्याच्याकडे त्या दिवशी काही नव्हतं. पारावरून न जाता मागच्या वाटेने घरी गेला.

एकवीस दिवसांनी आबांनी बोलावणं पाठवलं.

दोन्ही रोपं पडवीत शेजारी शेजारी ठेवली होती. पहिलं, ते देखण्या सांध्याचं, हिरवंगार होतं. सुकलं नव्हतं. फुटलंही नव्हतं. बांधलं त्या दुपारी जसं होतं तसंच, काडीवरचा फुटव्याचा डोळासुद्धा तेवढाच मिटलेला. एकवीस दिवसांत कलम एक तर फुटतं, नाही तर वाळतं. असं मध्येच थांबलेलं कलम जयवंतने कधी पाहिलं नव्हतं. त्याने बोट लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

दुसऱ्याची पट्टी मळली होती, सांध्यापाशी गाठीसारखं फुगलं होतं, काडी जराशी वाकलेली. आणि तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा तांबूस कोंब.

जयवंत खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. आंबा राहिला होता.

आबांनी त्याला रडू दिलं.

शांत झाल्यावर त्याने कमरेचा बाभळीचा चाकू काढला. तळव्यावरचा घट्टा दाखवत म्हणाला,

"आबा, मूठ अजून टोचते. जरा तासून घेऊ का? माझ्या हाताच्या मापाची होईल."

"घे की तासून."

आबा थोडा वेळ त्या न फुटलेल्या कलमाकडे बघत राहिले...

"फक्त ज्या दिवशी ती टोचणार नाही ना, त्या दिवशी काडीला लावायच्या आधी हाताकडे एकदा बघ. कुणाचा आहे तो."