शेकरूताईचे कोठार आणि नकल्या भृंगराज

मुलांनो, सह्याद्रीच्या एका दरीत दाट देवराई होती आणि त्या राईतल्या सर्वांत उंच बेहड्यावर एक शेकरू राहायची. शेकरू म्हणजे आपल्या अंगणातल्या खारीची थोरली बहीणच समजा. तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपूट. सगळे तिला शेकरूताई म्हणत. ती होती मोठी विश्वासू, पण तितकीच भोळी.

बेहडा फार जुना होता. त्याच्या खोडात आणि जाड फांद्यांमध्ये ठिकठिकाणी ढोल्या पडल्या होत्या. जमिनीवर काही साठवून ठेवले की रानडुकरे ते उकरून खात. म्हणून राईतले सगळे आपापली बेगमी शेकरूताईकडे आणून देत. साळिंदरकाकांचे वाळवलेले आवळे एका ढोलीत, सशाचे गवताचे बी दुसरीत, मोठ्या चोचीच्या धनेश पक्ष्याने सुकवलेली उंबरे तिसरीत. प्रत्येक ढोलीच्या तोंडाला सालीचे झाकण. ज्याला जे हवे असेल त्याने झाडाखाली यायचे आणि हाक मारायची, "ताई, मी साळिंदर. मूठभर आवळे टाक गं." पानांच्या गर्दीतून शेकरूताईला खालचे काही दिसत नसे, पण आवाज तिला बरोबर ओळखू येई. ती झाकण काढायची, मागितलेले खाली टाकायची आणि पुन्हा आपल्या कामाला लागायची.

समोरच्या ऐनाच्या झाडावर एक भृंगराज बसलेला असे. काळाभोर, तुकतुकीत पक्षी. शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकांना पिसांचे गोंडे. त्याला दुसऱ्यांच्या नकला करायचा भारी नाद. कोण येते, काय मागते, कोणत्या आवाजात मागते, हे सगळे तो दिवसभर ऐकायचा. लपवाछपवी काहीच नव्हती. हाका साऱ्या राईत घुमायच्या.

एका सकाळी साळिंदरकाका आपल्या बिळात घोरत असताना भृंगराजाने घसा खाकरला आणि अगदी त्यांच्यासारख्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, मी साळिंदर. मूठभर आवळे टाक गं."

शेकरूताईने आवळे टाकले. भृंगराजाने झेप घेतली आणि एक आवळा जमिनीला लागायच्या आत हवेतच झेलला. आवळा त्याला आंबट लागला. मग त्याने धनेशाचा जाडाभरडा आवाज काढला. उंबरे मात्र गोड होती. त्या दिवसापासून त्याला उंबरांची चटकच लागली.

आता या धनेशाच्या घरची गोष्ट सांगायला हवी. त्याची बायको पलीकडच्या सातविणीच्या झाडावरच्या ढोलीत पिल्लांना घेऊन बसली होती. धनेशांची रीतच तशी आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेते. मध्ये ठेवते फक्त एक चिंचोळी फट. बाहेरून नराने फळे आणायची आणि त्या फटीतून भरवायची. पिल्ले मोठी होईपर्यंत तिचे सारे जगणे त्या फटीवर.

उन्हाळा चढला. एके दिवशी धनेश रानभर हिंडला, पण त्याला पिकलेले फळ कुठेच मिळाले नाही. तो बेहड्यावर आला आणि म्हणाला, "ताई, आज साठवणीतली उंबरे काढा. पोरं भुकेली आहेत."

शेकरूताईने झाकण काढले. ढोलीच्या तळाशी थोडीशीच उंबरे उरली होती.

"धनेशभाऊ, संपत आली की," ती म्हणाली. "तुम्ही रोज नेत होतात, तेव्हाच मी म्हणणार होते."

"मी?" धनेश म्हणाला. "ठेवून गेलो तेव्हापासून मी इकडे फिरकलोसुद्धा नाही."

 तेवढ्यात समोरच्या ऐनावरून खुद्द शेकरूताईचाच आवाज आला, "घ्या भाऊ, घ्या. लाजू नका." पाठोपाठ भृंगराजाचे खिदळणे.

 आपल्यावर विसंबून ठेवलेली चीज आपणच आपल्या हाताने चोराला वाढली, हे शेकरूताईला सहन होईना. उरलेली उंबरे तिने धनेशाला दिली. तो बिचारा ती घेऊन पिल्लांकडे गेला. ओढ्याकाठचे एक उंबर उशिरा पिकले, तेव्हा त्याने उन्हातान्हात खेपा घालून पुन्हा थोडी बेगमी केली आणि तिच्याकडेच आणून दिली. त्यामुळे तर तिला आणखीच लाजल्यासारखे झाले.

"आता चूक होणे नाही," ती मनाशी म्हणाली. तिने रानातून चिकट राळ आणली आणि प्रत्येक ढोलीचे झाकण पक्के चिकटवून टाकले. मग शेंड्यावर जाऊन सगळ्यांना बजावले, "आजपासून हाकेला मी ओ देणार नाही. जो वर येऊन मला तोंड दाखवील त्यालाच मिळेल."

साळिंदरकाका खालून म्हणाले, "अगं, पण मी झाडावर चढणार कसा?"

"मी कधी खाली उतरले तर बघू, काका."

"कधी उतरशील?"

"ते आता नाही सांगता येणार."

काका काटे खुळखुळवत निघून गेले. ससाही मागे वळला. बेहड्याखाली पूर्वी दिवसभर वर्दळ असायची, तिथे आता वाळकी पाने तेवढी उडत होती. शेकरूताई मात्र खूश होती. चोरी थांबली होती.

मग एका दुपारी सातविणीकडून कळवळलेली हाक आली. "ताई, मी धनेशीण. हे सकाळपासून आले नाहीत. पोरांसाठी थोडी उंबरे पाठवा."

शेकरूताईने कान टवकारले. आवाज धनेशिणीचाच वाटत होता. पण लगेच ऐनावरूनही तीच हाक, त्याच सुरात आली. मग पुन्हा सातविणीकडून. भृंगराज कधी इकडून ओरडे, कधी तिकडून, त्यामुळे खरी कुठली आणि खोटी कुठली, काही कळेना. "मला पुन्हा फसवतात काय," असे म्हणून तिने शेपूट डोक्याभोवती गुंडाळून घेतले आणि कान झाकले. हाका येत राहिल्या, मग क्षीण होत गेल्या.

थोड्या वेळाने बुंध्यावर खडखडाट झाला. साळिंदरकाका आपले काटे खोडावर घासत होते. "ए पोरी, खाली उतर," ते म्हणाले. "आवाजाचा विश्वास नसेल तर नको धरूस, पण खाली येऊन डोळ्यांनी बघ."

ती उतरली. काकांनी तिला करवंदीच्या जाळीपाशी नेले. धनेश तिथे एका बाजूला कलंडून बसला होता. वाऱ्याच्या झोतात वाळलेल्या फांदीवर आपटून त्याचा पंख दुखावला होता. त्याला उडता येत नव्हते.

"पोरं," तो एवढेच म्हणाला.

शेकरूताई उलट्या पावली धावली. राळ इतकी घट्ट बसली होती की झाकण फोडताना तिचे दात हुळहुळले. गालात मावतील तेवढी उंबरे भरून या फांदीवरून त्या फांदीवर झेपा टाकत ती सातविणीवर पोहोचली. आतून पिल्लांची बारीक किरकिर ऐकू येत होती.

"वहिनी, मी शेकरू. उंबरे आणली आहेत."

फटीतून चोच काही बाहेर आली नाही. आतून प्रश्न आला, "कशावरून?"

शेकरूताई गडबडली. "बघा ना माझ्याकडे."

"या फटीतून मला तुमची एक मिशी दिसते आहे. मिशा घोरपडीला नसतात, एवढं कळलं. पण उदमांजरालाही असतात." धनेशिणीने मिशी नीट निरखली. मग म्हणाली, "ह्यांनी तुमच्याकडे उंबरे ठेवली, तेव्हा वरून काय घातलं होतं?"

"पळसाचं पान," शेकरूताई म्हणाली. "आणि ते पालथं होतं. देठ आत खोचलेला."

तेव्हा कुठे फटीतून मोठी पिवळी चोच बाहेर आली. शेकरूताई एकेक उंबर देत गेली आणि आतली किरकिर हळूहळू थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"वहिनी, मी तुमची हाक ऐकली होती," ती म्हणाली. "ऐकून न ऐकल्यासारखं केलं."

"मीही तुम्हाला आधी चोरच समजले की," धनेशीण आतून म्हणाली. "पण मी विचारलं. विचारल्याशिवाय कळणार कसं? आणि उद्या याल तेव्हा मी हेच नाही हं विचारणार. आज आपण बोललो, ते त्या ऐनावरच्याने ऐकलं असेल."

"तुम्ही ही फट तरी कशाला ठेवलीत? पार लिंपून टाकलं असतं तर भीतीच उरली नसती."

"फट नसती तर सापाची भीती उरली नसती, हे खरं. पण आम्ही उपाशी मेलो असतो. फट हवीच, ताई. फक्त आपल्या मापाची हवी."

शेकरूताई परत आली ती वेगळाच विचार घेऊन. तिने सगळ्या झाकणांची राळ खरवडून काढली. मग ती एकेकाला गाठून दूर फिरायला घेऊन गेली, जिथे भृंगराजाचे कान पोहोचत नसत. साळिंदरकाकांबरोबर ती त्यांच्या नेहमीच्या वाटेने चालली आणि वाटेतल्या खुणा दोघांनी पाठ केल्या. आधी वारूळ, मग तिरपी शिळा, मग कुड्याचे झुडूप, मग पुढच्या कितीतरी. "मी एक खूण सांगेन, तुम्ही तिच्या पुढची सांगायची," ती म्हणाली. "एकदा विचारलेली खूण मी पुन्हा विचारणार नाही. सगळ्या संपल्या की आपण नव्या वाटेने जाऊ. आणि आवळ्यांना आवळे म्हणायचं नाही. आपल्या दोघांत त्यांना चांदण्या म्हणायचं. म्हणजे काय मागितलं तेही कोणाला कळायला नको."

काका गालातल्या गालात हसले. "या वयात मला चांदण्या खायला घालतेस होय?"

सशाची वाट वेगळी, शब्द वेगळा. धनेशाचे वेगळे. एकाच्या खुणांवर दुसऱ्याची ढोली उघडायची नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. सगळ्यांना हा खेळच वाटला. बेहड्याखाली पुन्हा गर्दी होऊ लागली. काका तर भूक नसतानाही चांदण्या मागायला येत. धनेशाचा पंख बरा होईपर्यंत शेकरूताई रोज स्वतः उंबरे पोचवी आणि धनेशीण रोज नवे काहीतरी विचारून मगच चोच बाहेर काढी.

भृंगराज हे सारे ऐकत होता. एका सकाळी त्याने साळिंदरकाकांचा घोगरा आवाज लावला. "ताई, चांदण्या टाक गं."

"शब्द तर बरोबर आहे," शेकरूताई वरून म्हणाली. "बरं काका, तिरप्या शिळेपुढे काय?"

भृंगराजाने आदल्या दिवशी ऐकलेले उत्तर ठोकून दिले, "तिरपी शिळा."

वरून काहीच पडले नाही. त्याने सशाचा आवाज काढून पाहिला, धनेशाचा काढून पाहिला. प्रत्येक वेळी नवा प्रश्न आला आणि तो अडला. खाली जमलेले सगळे हसू लागले. भृंगराज ऐनावर पंख पाडून बसला.

शेकरूताई फांदीच्या टोकापर्यंत आली. "काय रे," तिने विचारले, "तुझा स्वतःचा आवाज कसा आहे?"

भृंगराज विचारात पडला. त्याने चोच उघडली, तर काकांचे खाकरणे बाहेर आले. पुन्हा उघडली, तर सशाचे चीं चीं. तो बराच वेळ घसा साफ करत राहिला. मग एक बारीक, स्वच्छ शीळ निघाली. तशी शीळ राईत कुणीच ऐकली नव्हती.

"छान आहे की," साळिंदरकाका म्हणाले.

"एक ढोली रिकामी आहे," शेकरूताई म्हणाली. "तुझे किडेमकोडे त्यात ठेव. या आवाजात हाक मार, आपणही एक वाट ठरवू. आणि तुला नकला करायच्याच असतील तर खुशाल कर. मला फसवायचा प्रयत्न करत जा. फसले तर पहिल्यांदा मला येऊन सांग, म्हणजे ती जागा मी नीट करीन."

भृंगराजाने हे काम मनापासून केले. त्याने पहिलीच चूक पकडली ती सशाची. सशाने गवताच्या बियांसाठी ठरवलेला गुपित शब्द होता 'गवत'. तो ऐकून सगळ्यांनी कपाळाला हात लावला आणि ससा लाजून नवा शब्द ठरवायला शेकरूताईमागे पळाला.

काही दिवसांनी सातविणीवर टकटक सुरू झाली. धनेशीण आतून चोचीने लिंपण फोडत होती. सकाळच्या उन्हात ढपले गळून पडले आणि ती बाहेर आली. तिच्यामागून धडपडत दोन पिल्ले आली. पंख बरा झालेला धनेश फांदीवर नुसता नाचत होता. चौघे उडत बेहड्यावर गेले. शेकरूताईने ठरल्याप्रमाणे प्रश्न विचारला, धनेशिणीने उत्तर दिले, आणि जिच्या मिशीपलीकडे तिने आजवर काही पाहिले नव्हते त्या शेकरूताईकडे ती डोळे भरून बघत राहिली.

"अशा दिसता होय तुम्ही," ती म्हणाली. मग दोघीही हसल्या आणि पिल्लांनी सगळी उंबरे फस्त केली.

तात्पर्य : सर्वांना उघडे असलेले दार आणि सर्वांना बंद असलेले दार सारखेच निकामी. ओळख पटवून ज्याचे त्यालाच देते, तेच दार खरे राखण करते.