शिळी सुकट

बंदरावर अजून दीपगृहही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या अलीकडे वडावर आणि पार पलीकडे बेटावरच्या माडांवर कावळे राहायचे. दोन्हीकडे राजा नव्हता. सभेत जो तो बोलायचा, मग बहुमतानं ठरायचं. दोघांचा एक करार होता: एकावर घारी आल्या की दुसऱ्यानं धावून जायचं. त्यासाठी दरवर्षी वडावर एकत्र सराव व्हायचा.

त्या वर्षी सरावानंतरच्या सभेत भांडण पेटलं. बेटावरचे तात्या म्हणाले, "एवढी खाडी ओलांडून यायचं, आणि तुम्ही शिळी सुकट पुढे करता?"

"आणि तुम्ही आमची घरटी विस्कटता, त्याचं काय?" वडावरच्या चिमाकाकू उसळल्या. मग सगळेच कलकलाट करू लागले, आणि शेवटी बेटावरचे कावळे तणतणत परत गेले.

वर घिरट्या घालणाऱ्या घारीला वाटलं, यांचं फाटलं. वडावर अंडी दिसताच ती टोळी घेऊन आली.

चिमाकाकूंची आरोळी वाऱ्यावरून बेटाकडे गेली. सरावात शिकल्याप्रमाणे वडावरचे कावळे घारींच्या शेपटीमागे लागले, पण घारी हटेनात. एवढ्यात खाडीवर काळा ढग उठला. सगळ्यात पुढे तात्या! दोन्ही थव्यांनी मिळून घारींना पिटाळलं.

पळता पळता घार ओरडली, "अरे, पण तुमचं तर भांडण होतं ना?"

"आहेच की," तात्या म्हणाले. "ते आमचं आमच्यात."

तात्या धापा टाकत वडावर टेकले. चिमाकाकूंनी त्यांच्यापुढे ताजी मांदेली ठेवली. तात्यांनी एक चाखली.

"काटे फार आहेत," ते म्हणाले.

आणि सभा पुन्हा सुरू झाली.