येसाईची खेप

बोरखडीत आड नव्हता, सगळं गाव एका पायऱ्यांच्या बारवेवर जगत होतं, त्या काळची ही गोष्ट. बारवेत उतरलं की आधी पाण्यात पाय धुवायचे, मगच घागर बुडवायची. पाणी म्हणजे देवी. तिच्यापुढं धुळीच्या पायांनी कसं उभं राहायचं?

उन्हाळा आला की गावात नारू निघे. पायावर फोड येई, आग आग होई, आणि फोड फुटला की दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकावे. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. माणूस अंथरुणाला खिळून जाई.

येसाई कोष्टिणीच्या घरात मात्र नारू नव्हता. सुताला लावायच्या खळीसाठी ती पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेई, आणि घरात तेच पीत. बाया हसायच्या, "येसाई, तुझं पाणीबी मागावरचं व्हय गं?"

मग तिची लेक तुळसा खालच्या आळीला नांदायला गेली. तिथं पाणी गाळत नसत. वर्षानं तिच्याही पायाला फोड आला. असं म्हणतात, की येसाईनं बारवेचं पाणी गाळून फडकं उन्हात धरलं, तेव्हा तिला नारूची पिल्लं वळवळताना दिसली. आणि ती पाय धुणाऱ्यांच्या फोडांतूनच पाण्यात पडतात, हे तिला उमगलं.

तुळसा लंगडत बारवेवर आली, तर पायरीवर येसाई आडवी बसलेली.

"आये, सर की. पाय जळतोय गं."

"न्हाई सरायची."

"पोटची हाय न्हवं मी तुझ्या?"

"हायेस म्हनून तर."

तुळसानं हंबरडा फोडला. "काळीज हाय का धोंडा?" बाया म्हणाल्या. येसाईनं कोरड्या पायरीवरून वाकून घागर भरली, वर आणली, लेकीला बाभळीखाली बसवून पायावर धार धरली. घागर संपली की पुन्हा खाली. असं म्हणतात, की नारू पुरता निघेपर्यंत तिनं इतक्या खेपा केल्या, की पायऱ्या झिजल्या, आणि शेवटी तिची दया येऊन पाणीच वरच्या पायरीपर्यंत चढून आलं.

मग येसाईनं फडकं दाखवून सगळ्यांना कारण सांगितलं. जिनं पोटच्या पोरीला अडवलं, तिच्यापुढं कोण बोलणार? बारवेत पाय धुणं बंद झालं. येसाईनं विणलेली फडकी घरोघर गेली. पुढच्या उन्हाळ्यात नारू निघाला, पण थोडा. पाणी गाळू लागण्याआधीच पोटात गेलेला होता तो. त्यानंतर मात्र नारू गुंडाळायच्या काड्या चुलीत गेल्या.

आता गावात नळ आहेत. तरी बोरखडीत कुणाचा पाय दुखावला, की शेजारीण न बोलावता घागर घेऊन दारात येते आणि त्याच्या पायावर ओतते. तो संकोचला, तर म्हणते, "येसाईची खेप हाय बाबा, पाय म्होरं कर."